कमाटीबागेतली झोप

दिवसा झोपणे हे एक काम आहे, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळले. त्याआधी मी कारखान्यात जनरल शिफ्टला होतो. सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे, रात्री पुस्तक छातीवर ठेवून झोपून जायचे. मग नवीन युनिट उभे राहिले. त्या वर्षांत बडोद्याच्या भोवती सगळीकडेच काही ना काही उभे राहत होते, आणि आपणही त्यात आहोत याचा आम्हाला थोडा अभिमान होता. नव्या युनिटच्या कंट्रोल रूममध्ये माझी नेमणूक झाली आणि मी पाळीत आलो. दर तीन आठवड्यांनी सात रात्रपाळ्या. सकाळी आठच्या सुमारास कारखान्याची बस मला निजामपुऱ्याच्या नाक्यावर सोडायची. तिथून घरापर्यंत चालताना मला अंथरुणाची भीती वाटायची.

घर दोन खोल्यांचे, पहिल्या मजल्यावर. मी, बायको, साडेचार वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. तीन वर्षांच्या मुलाला हळू बोल म्हणून सांगितले तर तो "हळू! हळू!" असे ओरडत दोन्ही खोल्यांतून पळायचा.

पहिल्याच आठवड्यात पाचव्या रात्री मी पॅनेलसमोर बसल्या बसल्या पेंगलो. मिनिटभरच असेल, पण पाळीप्रमुख नेमका मागे उभा होता. त्याने आरडाओरडा केला नाही. सकाळी बसमध्ये चढताना एवढेच म्हणाला, "घरी नीट झोपून येत जा. पुन्हा दिसलं तर मला लिहून द्यावं लागेल." लिहून देणे म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना माहीत होते. त्या पॅनेलवरचा एक काटा पुढे सरकलेला कुणाच्या लक्षात आला नाही तर काय होते, तेही माहीत होते. मी घरी येऊन बायकोला सांगितले. सांगायला नको होते असे पुढे अनेकदा वाटले, कारण त्या दिवसापासून माझी झोप ही तिची जबाबदारी झाली.

ती बडोद्याचीच, दांडिया बाजारातली. तिच्या घराण्यात पूर्वी कुणीतरी संस्थानच्या फौजेत होते. नवऱ्याची झोप राखण्याच्या कामातही तिने तीच शिस्त आणली. खिडकीला जुनी घोंगडी लागली. दाराच्या घंटीला फडके बांधले गेले. कुकर लावायचा तो मी यायच्या आधी. मी आलो की चहाऐवजी जायफळ घातलेले दूध. आणि साडेआठला मुलांना स्वेटर घालून, पिशवीत पाण्याची बाटली आणि खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, टाकून ती दोघांना घेऊन बाहेर पडायची, ती एक वाजता परतायची. जाताना दाराबाहेर पाटी लटकवायची, गुजरातीत. पाटीवर काय लिहिले होते ते मी कधी वाचले नाही, पण तिचा परिणाम फार झाला. खालच्या मजल्यावरच्या गुजराती मासी जिन्यात बसून पहारा द्यायच्या. भाजीवाली आमच्या खिडकीखाली आली की त्या तिला दबक्या आवाजात सांगायच्या, "धीमे, धीमे. भाई सूता छे." भाजीवालीही मग कुजबुजत भाजी विकायची. सबंध गल्लीला ठाऊक झाले की इथे एक नाइटवाला माणूस झोपलेला आहे.

आणि मी झोपत नव्हतो.

एवढ्या शांततेत झोप कशी येणार? मी डोळे मिटून पडायचो आणि मासींचा दबका आवाज ऐकायचो. घड्याळ ऐकायचो. नळाचा थेंब ऐकायचो. या कुशीवरून त्या कुशीवर वळायचो, उशी उलटी करायचो, पुन्हा सुलटी करायचो. मुले आता कुठे असतील? ऊन चढले असेल. मुलाला कडेवर घेऊन ती किती चालत असेल? माझ्यासाठी तीन माणसे घराबाहेर काढली आहेत, तेव्हा झोपलेच पाहिजे, असे स्वतःला बजावले की उरलीसुरली पेंगही उडून जायची. साडेदहाच्या सुमारास मी हार मानायचो. घोंगडीची एक कड वर करून उजेडाची पट्टी आत घ्यायचो आणि वाचनालयातून आणलेले पुस्तक वाचायचो. जिना वाजला की पुस्तक गादीखाली आणि मी भिंतीकडे तोंड करून.

ती मुलांना दारातच दटावायची, "श्श्. बाबा झोपलेत." मग दोघे चवड्यांवर चालत आत यायची. दोन वाजता मी जाग आल्याचे नाटक करायचो. ती विचारायची, "झाली झोप?" मी म्हणायचो, "झाली." मी विचारायचो, "आज कुठे गेला होतात?" ती म्हणायची, "कुठं जायचंय? कमाटीबाग. पोरांनी जीव काढला. पाय नुसते गळून गेले."

हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. मी एकदा म्हटले, "रोज बागेत कशाला? माहेरी जाऊन बसत जा ना. आराम मिळेल."

"तिथं आराम?" ती म्हणाली. "तिथं पाय ठेवला की वहिनी म्हणते, आलात का, बरं झालं, जरा पोळ्यांचं बघा ने."

तेव्हा माझ्या डोक्यात काही प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. न झोपलेल्या माणसाच्या डोक्यात फारसे काही पडत नाही.

ती जाऊन आता सात महिने झाले. घर पुन्हा तसेच शांत आहे, शेजारी पुन्हा हळू बोलतात, आणि मी पुन्हा दिवसाढवळ्या कूस बदलत असतो. म्हणून हे सगळे आठवते. लिहायला बसलो की एका वाक्याला सकाळ जाते. उठतो, गॅलरीत जाऊन येतो, पुन्हा बसतो.

फेब्रुवारी असावा. रात्रपाळीचा आठवडा होता, चौथा दिवस. साडेनऊला मी उठलो, शर्ट घातला आणि चपला हातात घेऊन जिना उतरलो. मासी पहाऱ्यावर बसल्या बसल्या पेंगत होत्या. मी त्यांना ओलांडून गेलो. स्कूटर थोडी पुढे ढकलत नेली आणि मग चालू केली. आपल्याच घरातून असे पळून जाताना मला हसू येत होते. मनात एवढेच होते की बागेत जावे, मुलाला तिच्या कडेवरून घ्यावे आणि म्हणावे, बास झाले हे, चला घरी.

कमाटीबाग कामाच्या दिवशी सकाळी कशी असते, हे मी तोवर पाहिले नव्हते. आम्ही सुटीला जायचो तेव्हा माणसांच्या पाठी दिसायच्या. आता रस्ते मोकळे होते. माळी पाइपने पाणी घालत होते, पिंजऱ्यांकडून मोरांचे ओरडणे येत होते, कुठल्या तरी शाळेची सहल रांगेत चालली होती. मी पक्ष्यांकडे पाहिले, माकडांकडे पाहिले. विश्वामित्रीच्या पुलावर काही लोक कठड्यावरून वाकून मगर शोधत होते, त्यांत पाहिले. म्युझियमच्या दाराशी डोकावलो. तिथल्या देवमाशाच्या सांगाड्याचे मुलाला वेड होते, त्याला तो "मोठा काटा" म्हणायचा. ती तिघे तिथेही नव्हती.

मग शिट्टी झाली आणि मुलांची छोटी आगगाडी वळणावरून आली. डबे बहुतेक रिकामे होते. शेवटच्या डब्यात माझी मुलगी आणि मुलगा एका बाकावर, आणि त्यांच्या मागच्या बाकावर माझी बायको. तो बाक लहान मुलांसाठी केलेला. तिचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते, पदर कमरेला खोचलेला होता, हातात काला खट्टा गोळा होता आणि ओठ जांभळे झाले होते. गाडी झाडांच्या बोगद्यासारख्या भागात शिरली तेव्हा तिघांनी मिळून आरोळी ठोकली. सगळ्यात मोठा आवाज तिचा होता. गाडी थांबली. मुले उतरायला लागली तशी ती म्हणाली, "बसा ने, बसा! अजून एक चक्कर!" गाडीवाला हसत होता. तो तिला ओळखत असणार.

मी झाडाआड उभा होतो. पुढे जावेसे वाटले नाही. लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. राग आला का? थोडा आला. हिच्या कष्टांच्या विचाराने मी तिथे तळमळत पडतो आणि ही इथे गोळा चोखते आहे. पण मी तरी काय करत होतो? गादीखालचे पुस्तक आठवले आणि तो राग टिकला नाही. मी घरी आलो, मासींना ओलांडून वर गेलो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

एक वाजता जिना वाजला. "श्श्. बाबा झोपलेत." दोन वाजता मी विचारले, "कसं झालं आज?"

"काय व्हायचंय," ती म्हणाली. ओठ धुऊन आली होती, तरी कोपऱ्यात जांभळे राहिले होते. "ऊन काय पडतंय अहो. डोकं उठलं."

त्यानंतर दोनच दिवसांत पॅनेलसमोर माझा पुन्हा डोळा लागला. जागा झालो तो अलार्मच्या आवाजाने. शेजारच्या सोबत्याने माझ्या अंगावरून हात घालून बटण दाबले होते आणि व्हॉल्व्हही सांभाळला होता. तो मला म्हणाला, "आज मी होतो म्हणून. राउंडला साहेब असते तर?" त्याने कुणाला सांगितले नाही. सकाळी मी घरी आलो. जायफळाचे दूध घेऊन ती समोर आली तेव्हा मी पेला घेतला नाही.

"मला झोप येत नाही," मी म्हणालो. "दिवसा एकदाही आलेली नाही. नोव्हेंबरपासून."

ती उभीच राहिली. मुलगी स्वेटरची बटणे लावत होती, तीही थांबली.

"मग चार-चार तास काय करता?"

"वाचतो."

"ते माहितेय. गादी मीच झटकते. मला वाटलं, डोळा लागेपर्यंत वाचत असाल." मग एकदम, "आणि ड्यूटीवर?"

मी अलार्मचे सांगितले. तिने पेला खाली ठेवला आणि खाटेच्या कडेला बसली. मला वाटले, आता ही रडेल किंवा भडकेल. पण ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे आता बागेत जायचं नाही?"

मुलगी म्हणाली, "जायचं!" मुलगा म्हणाला, "मोठा काटा!"

मी म्हणालो, "मी तुला पाहिलं. आगगाडीत."

तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. "कधी?" मी सांगितले. "गोळा होता हातात?" मी हो म्हणालो. तिने पदराने तोंड झाकले आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता म्हणाली, "आमच्याकडे मुलींनी कुठं जायचं, तर देवळात आणि हळदीकुंकवाला. बागेत गेलो तर बारा जणांचा घोळका, पुढे काका, मागे आजोबा. आगगाडी लहान मुलांसाठी असते म्हणून मला कधी बसू दिलं नाही. आता मुलं माझी आहेत. मला कोण अडवणार? आणि कुणी विचारलं, रोज उठून बाहेर कशाला, तर सांगायला कारण होतं. नवरा नाइटचा, झोपलाय." मग हसू थांबले. "पण मला खरंच वाटत होतं हो, की तुम्ही झोपलाय."

मी खाली पाहत होतो. ती उठली, पिशवीत सतरंजी कोंबली आणि म्हणाली, "चला. कपडे बदला."

"मी? अगं, मला रात्री पुन्हा जायचंय."

"घरात झोप येत नाही ना? मग तिथं जागे राहा. निदान पोरांना धराल."

त्या दिवशी मला मुलांनी बाग दाखवली. मुलगी पुढे होऊन हात करून सांगत होती: हे अस्वल दुपारीच उठतं, ह्या माकडाला शिंग द्यायची नाही, ते ओढून घेतं. मुलगा माझ्या बोटाला लटकत होता. मी न्याहारीला बागेबाहेर सेव उसळ खाल्ली. उसळवाल्याने तिला पाहताच विचारले, "बेन, आजे साहेब पण?" आणि माझ्या वाटीत न विचारता तिखट तरी ओतली. नाकाडोळ्यांतून पाणी आले. मुले हसली. नंतर एका मोठ्या झाडाखाली तिने सतरंजी घातली आणि मी जरा टेकलो.

एवढेच मला आठवते. आगगाडीची शिट्टी झाली, सहलीतली पोरे ओरडत गेली, माझा मुलगा माझ्या पोटावरून पलीकडे गेला आणि कोणीतरी गुजरातीत बोरे विकत होते. जागा झालो तेव्हा सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेली होती, आणि तिची छत्री माझ्या तोंडावर धरलेली होती. माझ्या छातीवर वाळकी पाने ओळीने मांडली होती.

"किती वाजले?" मी दचकून विचारले.

"दीड. घोरत होतात. एक जण येऊन विचारून गेला, भाईने शुं थयुं? मी म्हटलं, काही नाही, नाइट ड्यूटी."

त्या रात्री मी पॅनेलसमोर पाटीसारखा स्वच्छ जागा होतो.

मग तो आमचा नेमच झाला. रात्रपाळीच्या आठवड्यात मी बसमधून उतरून घरी यायचो, चहा घ्यायचो आणि सगळे मिळून बाहेर पडायचो. मला गलबल्यात झोप येते आणि शांततेत येत नाही, हे तिने एकदा ओळखल्यावर ती गलबल्याच्या जागा शोधू लागली. कमाटीबाग तर होतीच. सूरसागरच्या काठी बाकावर मी झोपायचो आणि मुले पाण्यातल्या होड्या मोजायची. मे महिन्यात झाडाखालीही जमेना, तेव्हा दांडिया बाजारातल्या एका देवळाच्या मंडपात, बायकांचे भजन चालू असताना, मी खांबाशी झोपायचो. पावसाळ्यात तिने सिटी बस शोधून काढली. स्टेशनवरून बसायचे, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे, त्याच बसने परत यायचे. मुले खिडकीत, मी मागच्या बाकावर मान टाकून. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा दुपारचीच शाळा मिळावी म्हणून तिने किती खेटे घातले, ते मला नंतर कळले. दिवसा माझी झोप कधी तीन तास, कधी चार तास व्हायची. पाळीप्रमुखाने मला पुन्हा कधी हटकले नाही. अडीच वर्षांनी मला बढती मिळाली आणि मी जनरल शिफ्टला परत आलो.

बातमी सांगितली तेव्हा तिने शिरा केला. रात्री मुले झोपल्यावर ताटे आवरताना म्हणाली, "चांगलं झालं. सुटलात." आणि थोड्या वेळाने, "आता रविवारीच जायचं म्हणजे."

रविवारी आम्ही जायचो. आगगाडीला लांब रांग असायची. तोवर शहरात आणखीही खूप काही आले होते: मऊ आइस्क्रीमचे कोन, आवाज करणाऱ्या खेळण्यांची दुकाने, पुढे तर रंगीत चेंडूंनी भरलेली खोली. मुलांना ते आवडायचे. तीही यायची, पर्स मांडीवर धरून बाकावर बसायची. मी विचारायचो, "मजा नाही आली?" ती म्हणायची, "आली की. गर्दी फार."

परवा शहरातच समा भागात मुलीकडे गेलो होतो. मुलगाही तिच्या फोनवर होता, स्पीकर चालू होता. नातीला सुटीत कुठे न्यायचे यावर बोलणे चालले होते. मी मध्येच विचारले, "मी बागेत झोपलेला असायचो तेव्हा तुमची आई काय करायची?"

"आमच्यावर ओरडायची," मुलगी म्हणाली. "चपलांची ओळ मांडायची. त्याच्या पलीकडे जायचं नाही. आणि आगगाडीत सोडून यायची."

"ती नाही बसायची?"

"नाही. तुम्हाला एकटं टाकून कशी जाणार? आम्हालाच त्या गाडीवाल्याच्या हवाली करायची."

फोनमधून मुलगा म्हणाला, "छत्री धरायची ना. हात बदलत."

"आणखी?"

"बसलेली असायची."

"नुसती? काही वाचायची, विणायची, कुणाशी बोलायची? तीन-तीन तास?"

"बाबा, आम्ही केवढे होतो तेव्हा," मुलगी म्हणाली. मग तिने विचारले, "तुम्ही नाही का कधी विचारलंत तिला?"

मी उठून तिच्या गॅलरीत जाऊन उभा राहिलो. अडीच वर्षे मी डोळे उघडले की ती समोर असायची, आणि डोळे उघडल्यावर मी दर वेळी एकच गोष्ट विचारत आलो होतो. किती वाजले?